घराचा केसपेपर

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक-मित्रांनी एक अट घातली : "लसीकरण, ताप आणि जुलाब सोडून काहीही लिहा." तीस वर्षे ज्याचा संसार प्रामुख्याने याच तीन विषयांवर चालला, त्या बालरोगतज्ज्ञाला ही अट थोडी जाचक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २०२५ साली आमच्या बडोद्याच्या जुन्या घराचे नूतनीकरण एका इंटिरियर डिझायनरच्या मार्गदर्शनाखाली करून घेताना मला जो अनुभव आला, तो आपल्या मंडळातील डॉक्टरांना आणि इतर वाचकांनाही उपयोगी पडेल असे वाटते. त्या सहा महिन्यांत मी आयुष्यात प्रथमच टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसलो. सल्ला देणारी व्यक्ती दुसरी होती आणि सल्ला न मानणारा पेशंट मी होतो. न मानण्याची किंमतही मोजावी लागली. ती हकिगत पुढे सांगणारच आहे.

आमचे घर आजोबांनी १९३६ साली बांधले. ते बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. चौदा इंची विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी तुळया, पुढे ओटा आणि ओट्यावर उघडणारी हिरव्या ऑइलपेंटची भक्कम दारे. वडिलांनी १९७४ साली मागच्या बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या वाढविल्या. माझ्या लग्नानंतर मी दिवाणखान्याला प्लायवूडची कपाटे आणि पीओपीचे छत लावून आपल्या परीने त्याचे सौंदर्य बिघडविले. अशा रीतीने तीन पिढ्यांच्या आवडीनिवडी त्या घरात गुण्यागोविंदाने नांदत होत्या.

विश्वामित्रीच्या २०१९ सालच्या पुराने आमच्या ओट्याच्या पायऱ्या ओल्या केल्या होत्या. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस आलेल्या पुराने मात्र उंबरा ओलांडला. तळमजल्यावर दीड फूट पाणी जवळजवळ दोन दिवस उभे होते. नदीतल्या मगरींनी शहरातल्या काही वस्त्यांना भेट दिली, आमच्याकडे त्या आल्या नाहीत, एवढेच काय ते समाधान. पाणी ओसरल्यावर प्लायवूडची कपाटे फुगून त्यांचे पापुद्रे सुटले होते. भिंतींवर तीन फुटांपर्यंत ओल चढली होती. त्र्याऐंशी वर्षांची माझी आई वरच्या मजल्यावरच्या पलंगावर बसून एकच प्रश्न विचारीत होती, "मी परत माझ्या खोलीत कधी जायचं?"

हिस्टरी घेणे

डिझायनर निवडताना मी फारसा शोध घेतला नाही. आमच्याच समाजातील एका कुटुंबातली मुलगी बडोद्यातच शिकून या व्यवसायात स्थिरावली आहे. लहानपणी तिला डीपीटीचा बूस्टर मीच टोचला होता. त्यामुळे ती मला अजूनही 'काका' म्हणते आणि मीही तिला अरेतुरे करतो. तिचे नाव येथे देत नाही, कारण तिला अशी प्रसिद्धी आवडत नाही.

पहिल्या भेटीत मी तिच्यासमोर एक यादी ठेवली. त्यात दिवाणखान्याला नवे छत, स्वयंपाकघरात क्वार्ट्झचा पांढरा ओटा, भिंतीएवढा टीव्ही आणि जिन्याला काचेचा कठडा या गोष्टी होत्या. तिने यादी शांतपणे वाचली, घडी करून वहीत ठेवली आणि विचारले, "काका, या घरात रात्री सर्वांत आधी कोण उठतं? आणि कुठून कुठे जातं?"

मला उत्तर देता आले नाही. पेशंट दवाखान्यात येऊन "अमुक अँटिबायोटिक लिहून द्या" म्हणतो, तेव्हा आपण जसे त्याला थांबवून मुळापासून हिस्टरी घेतो, तेच तिने माझ्याबाबत केले होते. पुढच्या आठवड्यात ती एकदा पहाटे साडेपाचला आणि एकदा रात्री नऊला येऊन, कोणाला काही न सांगता, एका कोपऱ्यात बसून गेली. त्यातून तिने जो केसपेपर तयार केला, तो वाचून मला माझ्याच घराची नव्याने ओळख झाली.

आई रात्री दोनदा उठते. न्हाणीघरापर्यंतच्या चौदा पावलांत ती चार ठिकाणी आधार घेते : पलंगाचा दांडा, दाराची चौकट, पाण्याचे पिंप आणि वॉश बेसिन. यांपैकी पिंप हलणारे आहे. न्हाणीघराचे दार आत उघडते, म्हणजे आई आत पडली तर तिच्याच अंगामुळे दार उघडणार नाही. पत्नी ओट्याशी उभी राहून पोळ्या करते तेव्हा तिची स्वतःचीच सावली परातीवर पडते. दीड वर्षांची नात कठड्याच्या आडव्या पट्ट्यांवर शिडीसारखी चढते. आणि घरातील डॉक्टर, म्हणजे मी, दिवाणखान्यात दिवसाकाठी जेमतेम पाऊण तास बसतो, पण यादीतील दोनतृतीयांश खर्च त्या दिवाणखान्यावर होता.

वाचकांना माझे पहिले सांगणे हेच आहे. डिझायनरला आपल्याला काय हवे ते अवश्य सांगावे, परंतु त्याआधी आपण कसे राहतो ते सांगावे. घरात कोणाचे वय किती, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला दमा आहे, पाहुणे वर्षातून किती वेळा राहतात, कपडे कोठे वाळतात, देवपूजा कोण करते आणि जमिनीवर बसून की उभ्याने, हे सारे सांगावे. जो डिझायनर हे न विचारता पहिल्याच बैठकीत संगणकावर रंगीत चित्रे दाखवितो, त्याच्याबद्दल थोडे सावध असावे.

तपासण्या

केसपेपरनंतर तपासण्यांची पाळी आली. माजघर आणि दिवाणखाना यांमधील भिंत पाडून एक मोठी खोली करावी असे माझ्या मनात होते. डिझायनरने स्पष्ट नकार दिला. त्या भिंतीवर वरच्या मजल्याच्या तुळया टेकल्या होत्या. "भार घेणारी भिंत कोणती, याचा निर्णय माझा नाही आणि तुमचाही नाही," असे म्हणून तिने स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलाविले. त्याने दोन तुळयांची टोके ठोकून पाहिली, तेव्हा ती आतून वाळवीने पोकळ केलेली निघाली. भिंत राहिली, तुळयांच्या टोकांना पोलादी आधार मिळाला आणि माझे मोठ्या खोलीचे स्वप्न भंगले. फिजिशियनने आपली मर्यादा ओळखून सर्जनचे मत घ्यावे, तसाच हा प्रकार होता.

दुसरी तपासणी ओलीची. शेजारच्या अनेक घरांनी पूर ओसरताच भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चकचकीत रंग लावून घेतला होता. मलाही तशीच घाई होती. तिने समजावून दिले की चुन्यात बांधलेल्या जाड भिंती पाणी शोषतात आणि हळूहळू हवेत सोडतात. त्यांवर सिमेंट आणि पाणी अडविणारा रंग थापला की आतली ओल कोंडून राहते, प्लास्टर फुगते आणि बुरशी धरते. बुरशी आणि बालदमा यांचा संबंध मी रोज पालकांना समजावीत असतो, पण तो स्वतःच्या भिंतीला लावून पाहण्याचे मला सुचले नव्हते. खराब गिलावा खरवडून भिंती साडेतीन महिने उघड्या ठेवल्या आणि मग पुन्हा चुन्याचाच गिलावा केला. काम जानेवारी २०२५ मध्ये सुरू होऊ शकले ते याच कारणाने.

तिसरी तपासणी विजेची. जुन्या वायरिंगला अर्थिंग नावापुरते होते. नव्या वायरिंगबरोबर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला. एमसीबी आणि आरसीसीबी यांतील फरक डॉक्टरांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो, म्हणून येथे नोंदवितो. एमसीबी जादा भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर वायरिंग वाचवितो. आरसीसीबी वीज माणसाच्या शरीरातून जमिनीकडे गळू लागताच प्रवाह तोडतो. लहान मुले आणि ओली न्हाणीघरे असलेल्या घरात दुसऱ्याला पर्याय नाही.

उपचारयोजना

संपूर्ण आराखडा सांगत बसलो तर ही स्मरणिका पुरणार नाही. तीन गोष्टी तेवढ्या सांगतो.

पहिली, पाणी. पूर पुन्हा येईल असे गृहीत धरूनच तळमजल्याची रचना केली. विजेची सर्व बटणे आणि सॉकेट जमिनीपासून साडेतीन फुटांवर गेली, इन्व्हर्टर जिन्याच्या वळणावर चढला. स्वयंपाकघरात ओट्याखाली लाकूड अजिबात नाही, कडाप्प्याचे उभे-आडवे कप्पे आणि स्टीलच्या जाळ्या आहेत. प्लायवूड जेथे अटळ होते तेथे आयएस ७१० प्रमाणाचे, म्हणजे व्यवहारात मरीन म्हणतात ते घेतले आणि तेही पाण्याच्या रेषेच्या वर. दुकानात 'वॉटरप्रूफ' हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून प्रत्येक पत्र्यावरचा शिक्का स्वतः पाहावा. प्लायवूड आणि एमडीएफ यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत राहतो. कमी उत्सर्जनाच्या प्रतीचा माल मागणे आणि नव्या कपाटांची खोली काही आठवडे खिडक्या उघड्या टाकून मगच वापरात आणणे, एवढे आपल्या हातात असते.

दुसरी, आई. जोत्याची उंची दोन फूट. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर प्रमाण एकास बारा हवे, म्हणजे चोवीस फूट लांबीचा उतार, आणि आमच्या अंगणाची खोली अवघी अकरा फूट. तेव्हा उताराचा हट्ट सोडून पूर्वीच्या आठ इंची तीन पायऱ्यांच्या जागी पाच इंचांहून कमी उंचीच्या पाच रुंद पायऱ्या केल्या आणि दोन्ही बाजूंना हाताच्या मुठीत मावेल असा गोल दांडा लावला. न्हाणीघराचे दार तीन फूट रुंद झाले, बाहेर उघडू लागले आणि त्याची कडी बाहेरूनही काढता येईल अशी बसविली. कमोडजवळचा दांडा टाइल्सवर न चिकटविता विटांच्या भिंतीत खोल बोल्टांनी घट्ट केला, कारण घसरणाऱ्या माणसाचे सगळे वजन एका झटक्यात त्यावर येते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीच्या तळाशी, पाऊल जवळ येताच उजळणारे मंद दिवे लावले. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, हे आपण वैद्यकाच्या पुस्तकात वाचलेले असते. आमच्या घरात मात्र त्याची दखल आमच्या सुताराने आधी घेतली.

तिसरी, नात. काचेच्या कठड्याऐवजी उभ्या सळ्या आल्या. दोन सळ्यांमधले अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे मुलाचे डोके त्यातून जाणार नाही, आणि चढण्यासाठी आडवी पट्टी एकही नाही. जिन्याच्या वरच्या टोकाचे छोटे फाटक भिंतीत स्क्रूने बसविले. केवळ दाबावर अडकविलेली फाटके वरच्या टोकाला चालत नाहीत. उंच कपाटे भिंतीला जखडली, खिडक्यांना लोंबत्या दोऱ्यांचे पडदे लावले नाहीत आणि गीझरचे तापमान एकोणपन्नास अंशांवर स्थिर केले. साठ अंशांचे पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते, हे ज्यांनी बर्न्स वॉर्डात काम केले आहे त्यांना सांगायला नको.

या सर्वांत एक वाद झाला तो झोपाळ्याचा. दिवाणखान्यातला पितळी कड्यांचा झोपाळा काढून टाकावा असे माझे मत होते. नातीची बोटे कड्यांत सापडतील, आई उतरताना तोल जाईल. आई म्हणाली, "अरे, तुझी सगळी ॲनाटॉमी या झोपाळ्यावर पाठ झाली, आणि आता तो तुला धोकादायक वाटतोय होय?" डिझायनरने दोघांचेही ऐकून घेतले. झोपाळा चार इंच खाली आला, कड्यांवर हाताच्या उंचीपर्यंत कापडी नळ्या चढल्या आणि भिंतीत एक खिट्टी बसली. खिट्टी लावली की झोपाळा स्थिर बाकासारखा राहतो. आई बसताना आणि उठताना खिट्टी लावते, मधल्या वेळात झोके घेते.

फी, अंदाजपत्रक आणि कट

आता थोडा नाजूक विषय. 'आर्किटेक्ट' ही पदवी १९७२च्या कायद्याने संरक्षित आहे, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. इंटिरियर डिझायनरसाठी अशी कायद्याने सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे निवडीची जबाबदारी आपल्यावर अधिक येते. त्यांनी नुकतेच पुरे केलेले घर पाहू नये, पाच वर्षांपूर्वीचे पाहावे. शस्त्रक्रियेचा निकाल आपण टाके काढण्याच्या दिवशी ठरवीत नाही, फॉलोअपमध्ये ठरवितो.

डिझायनरची फी एकूण खर्चाच्या टक्क्यांवर, चौरस फुटांवर किंवा ठोक ठरते. टक्केवारीत एक अडचण आहे : खर्च जितका वाढेल तितकी फी वाढते. आम्ही ठोक रक्कम ठरविली. त्यावेळी मी बराच आढेवेढे घेऊन तिला विचारले की प्लायवूडच्या आणि टाइल्सच्या दुकानांकडून डिझायनरांना काही टक्के मिळतात, हे खरे का? ती हसली. म्हणाली, "काका, तुमच्यात लॅब आणि स्कॅनवाल्यांकडून मिळतात म्हणतात, हे जितकं खरं, तितकंच."

मला निरुत्तर व्हावे लागले. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेने असे कमिशन घेणे निषिद्ध ठरविले आहे आणि तरीही 'कट' हा शब्द आपल्या बोलण्यात रुळलेला आहे, हे आपण सारे जाणतो. तिने मात्र करारातच लिहून दिले की दुकानदार जी सवलत देईल ती घरमालकाच्या बिलातून वजा होईल आणि तिचे उत्पन्न फक्त ठरलेली फी असेल. ती फी मला आधी जास्त वाटली होती. हिशेब करून पाहिला तेव्हा कळले की ज्यांनी 'फी नाही, फक्त कामाचे पैसे द्या' म्हटले होते, त्यांच्या अंदाजपत्रकात ती फी केव्हाच मिसळलेली होती. सल्ल्याचे पैसे उघडपणे घेणारा माणूस आपल्याला महाग वाटतो. आपले पेशंटही आपल्याबद्दल असाच विचार करीत असतील.

अंदाजपत्रक घेताना प्रत्येक कामाचे परिमाण, मालाची प्रत आणि दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि शेवटचे दहा टक्के काम पुरे झाल्यावर काही आठवड्यांनी द्यावेत. एकूण रकमेच्या पंधरा टक्के राखीव ठेवावेत. आमच्या वाळवीने ते सगळे खाल्ले.

मी खोडलेली ओळ

आता ती हकिगत.

करारासोबत डिझायनरने दोन पानांची 'कामाच्या काळातील सूचना' दिली होती. त्यातील सातवी सूचना अशी होती : जुना ऑइलपेंट काढण्याचे काम चालू असताना आणि त्यानंतरची साफसफाई पूर्ण होईपर्यंत लहान मुलाने घरात राहू नये. मी ती ओळ पेनाने खोडली. मुलगा, सून आणि नात यांच्यासाठी दोन महिन्यांकरिता भाड्याचे घर घ्यायचे, ही मला उधळपट्टी वाटली. शिवाय घरातच बालरोगतज्ज्ञ असताना बालकाच्या आरोग्याची सूचना एका डिझायनरने का द्यावी, हा अहंकारही त्या रेघेत होता. सर्वांनी वरच्या मजल्यावर राहावे असे मी ठरविले आणि सही केली.

फेब्रुवारीत रंगाऱ्यांनी ती हिरवी दारे घासायला घेतली. कोरडा काचपेपर आणि घासण्याचे मशीन. जिन्यावर, कठड्यावर, पायपुसण्यावर बारीक हिरवट धूळ बसू लागली. आम्ही ती झाडूने झाडत होतो, म्हणजे पुन्हा हवेत उडवीत होतो. नवव्या दिवशी डिझायनर नेहमीच्या पाहणीला आली, तेव्हा नात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बोटे चोखत होती आणि तिचे तळवे हिरवे झाले होते. तिने पोरीला उचलले, थेट अंगणातल्या नळाशी नेऊन हात-तोंड धुतले आणि काम थांबविले. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात विचारले, "काका, ती ओळ तुम्ही का खोडलीत?"

भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा नव्वद पीपीएम ठरविणारे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांमध्ये, शिसे भरपूर असू शकते. आमच्या दारांवर अशा रंगाचे किती थर होते कोण जाणे. दाराचा एक पोपडा प्रयोगशाळेत पाठविला, त्यात शिसे काही हजार पीपीएम निघाले. नातीच्या रक्तातील शिसे डेसीलिटरमागे नऊ मायक्रोग्रॅम आले. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ पासून संदर्भमर्यादा साडेतीन धरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच किंवा त्याहून अधिक असल्यास उगम शोधून तो दूर करावयाचा असतो. शिशाची सुरक्षित अशी पातळी कोणतीही ठाऊक नाही. गिळलेले शिसे लहान मूल प्रौढाच्या चार-पाच पट शोषून घेते, आणि शरीरात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते. माझ्या नातीचे फेरिटिनही कमी होते. हे मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकविले आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. शिशाच्या विषबाधेची लक्षणे या पातळीवर दिसत नाहीत. जे काही नुकसान होते ते आकलन, एकाग्रता आणि वर्तन यांत, आणि तेही वर्षांनंतर, कोणाच्या लक्षात न येता. सून काही बोलली नाही. सकाळी तिने बॅग भरलेली मला दिसली.

तिघेही दुसऱ्याच दिवशी भाड्याच्या घरात गेले. चिलेशन पंचेचाळीसच्या वर विचारात घेतात, त्यामुळे औषधाचा प्रश्न नव्हता. उगम दूर करणे, लोह देणे, कॅल्शियमयुक्त आहार आणि पुन्हा तपासणी, एवढेच उपचार. घरात पुढचे काम ओले ठेवून, प्लास्टिकच्या पडद्याआड, हाताने खरवडून झाले. धूळ झाडूने न काढता ओल्या फडक्याने आणि हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने काढली. तीन महिन्यांनी नातीची पातळी पाचवर आली, सहा महिन्यांनी साडेतीनच्या खाली. तिची वाढ आणि भाषा वयाला साजेशी आहे. तरीही दर सहा महिन्यांनी मी तिला माझ्या एका सहाध्यायी डॉक्टरांकडे पाठवितो. स्वतः तपासत नाही.

रंगाऱ्यांपैकी एकाला चार वर्षांचा मुलगा होता. संध्याकाळी तो त्याच कपड्यांत घरी जाऊन मुलाला कडेवर घेत असे. त्या मुलाची तपासणी करवून घेतली, त्याचीही पातळी वाढलेली निघाली. तेव्हापासून आमच्या कामावर मास्क, आंघोळीसाठी नळ आणि घरी जाताना बदलायचे कपडे यांची तरतूद झाली. माझा पांढरा क्वार्ट्झचा ओटाही त्याच आठवड्यात रद्द झाला. हा कृत्रिम दगड सिलिकाने गच्च भरलेला असतो आणि तो कोरडा कापणाऱ्यांना सिलिकोसिस होतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली आहे. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांची फुप्फुसे ज्यांनी एक्स-रेवर पाहिली आहेत, अशा आपल्यासारख्या बडोद्याच्या डॉक्टरांना हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. आम्ही काळ्या ग्रॅनाइटचा ओटा पसंत केला. सिलिका ग्रॅनाइटमध्येही असते, पण पुष्कळच कमी, आणि तो पाणी सोडून ओलाच कापून घेतला.

शेवटी

जूनमध्ये काम पुरे झाले. चार महिन्यांचे सहा झाले, खर्चही वाढला. आई आपल्या खोलीत परत गेली. पहिल्या रात्री तिने दिवे आपोआप लागतात की नाही हे पाहण्यासाठी उगाचच तीन फेऱ्या मारल्या, असे दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितले.

आता माझ्या दवाखान्यातल्या केसपेपरवर एक नवा प्रश्न छापलेला आहे : 'गेल्या वर्षभरात घराचे रंगकाम किंवा दुरुस्ती झाली आहे काय?' उत्तर होय असेल, तर घर किती जुने, रंग कसा काढला आणि मूल तेव्हा कोठे होते, हे विचारतो. चिडचिड, पोटदुखी किंवा हटकून न बरा होणारा ॲनिमिया घेऊन आलेल्या काही मुलांच्या बाबतीत या प्रश्नाने मला योग्य तपासणीकडे नेले आहे. माझ्या डॉक्टर-मित्रांनी हा प्रश्न आपल्या केसपेपरवर अवश्य घ्यावा.

आणि जे वाचक घराचे काम काढणार असतील त्यांना एवढीच विनंती की डिझायनर निवडताना हवी तितकी चौकशी करा, फीविषयी मोकळेपणाने बोला, न पटले तर दुसरे मत घ्या. परंतु एकदा विश्वास टाकल्यावर तिच्या सूचनापत्रातील ओळी आपल्या सोयीने खोडू नका. पेशंटने अर्धा कोर्स घेऊन औषध बंद केले की आपण त्याला किती बोलतो! डिझायनरने मला एका प्रश्नापलीकडे काहीच ऐकविले नाही. ते दोन पानी सूचनापत्र मी जपून ठेवले आहे. सातव्या ओळीवरची माझी रेघ त्यावर अजून तशीच आहे.